सातवा गोळा

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता डोक्यात एकमेकांत मिसळतात, पण एका दगडी गोळ्यापायी गेलेला तो आठवडा मला आजही वारानिशी आठवतो. खून नाही, दरोडा नाही. तरीही बत्तीस वर्षांत एकाच अहवालावर सही करताना माझा हात अडखळला, तो या प्रकरणाचा.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सरहद्दीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण सगळे अजून आहेत आणि भेटले की चहा पाजतात. त्या गावात एक जुनी गढी आहे. परंड्याच्या किल्ल्यापुढे ती अगदीच लहान, पण चारही बुरूज शाबूत आणि तटावरून दोन माणसं गप्पा मारत चालू शकतील एवढी रुंद वाट. मी तिथं रुजू झालो त्याच महिन्यात डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज पाऊण तास चालायला फर्मावलं. ते फर्मान आमच्या सौभाग्यवतींनी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. रस्त्याने चालायला लागलो तर दर शंभर पावलांवर कुणीतरी बांधाच्या भांडणाचा अर्ज घेऊन आडवं यायचं. म्हणून मी गढी गाठली.

गढीचं दार नियमाने सकाळी नऊला उघडायचं. पण तिथले राखणदार मामा आम्हा चालणाऱ्यांसाठी ते सहालाच उघडत. मामा पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक. सोळा वर्षं रोजंदारीवर होते आणि त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव नुकताच वर गेला होता. मंगळवार गढीच्या सुट्टीचा, म्हणून दर मंगळवारी ते पहिल्या एसटीने तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जात. त्या दिवशी आमचं चालणं बुडू नये म्हणून सोमवारी संध्याकाळीच ते चावी ठाण्यात आणून देत. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे एक खिळा होता, त्यावर ती टांगलेली असे. मंगळवारी सकाळी मी स्वतः ती काढून न्यायचो आणि फिरून आलो की परत टांगायचो. बुधवारी मामा घेऊन जायचे. एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मी ठेवलं नाही.

चालणारे आम्ही सहा-सात जण. त्यात बाजारपेठेतल्या किराणा दुकानवाल्यांच्या घरच्या आक्का सगळ्यांत पक्क्या. वय पासष्टच्या पुढे, गुडघे दुखायचे, पण खाडा नाही. रविवारी आम्ही गढीपाशी जमून एसटीने लांब जायचो. कधी तेरला जाऊन तिथलं जुनं मंदिर आणि नदीकाठच्या टेकाडांभोवती हिंडायचं, कधी अणदूरला खंडोबाला. घरून आणलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटेत झाडाखाली सोडायची. पोलिसाला इतका निर्मळ आनंद फार क्वचित मिळतो, आणि मी तो मनसोक्त घेत होतो.

गढीच्या पश्चिम बुरुजापाशी तोफेचे सात दगडी गोळे एका ओळीत मांडलेले होते. आक्कांचा फेऱ्या मोजण्याचा हिशोब त्यांच्यावर चाले. कमरेच्या बटव्यात चिंचोके असायचे. एक फेरी झाली की एका गोळ्यावर एक चिंचोका. ओळ भरली की चिंचोके गोळा करायचे आणि घरी. मुलाने त्यांना पावलं मोजणारा फोन दिला होता, पण त्यांचा भरवसा चिंचोक्यांवर.

शुक्रवारी दुपारी ज्याच्या ताब्यात ती गढी आहे त्या खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. नोंदवहीत सात गोळे आणि जागेवर सहा. त्यांनी लगेच ठाण्यात तक्रारी अर्ज दिला आणि मामांवर संशय असल्याचं स्पष्ट लिहिलं. दार वेळेआधी उघडलं जातं हेही त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. सोमवारी सकाळपर्यंत पोलिसांचा अहवाल हवा, त्यात राखणदाराचं नाव आलं तर त्याला त्याच दिवशी काढून टाकू, असं सांगून त्यांनी दाराला आपलं कुलूप लावलं. मी पंचांसमक्ष पंचनामा केला. वजनाचा अंदाज घ्यायला उरलेल्यांपैकी एक गोळा उचलायला लावला, तर दोन धडधाकट शिपाई लागले. मी ते पंचनाम्यात लिहिलं आणि विसरलो.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. रविवारी तिन्हीसांजेला मामा सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात बांधलेलं काहीतरी गोल नेत होते, एवढंच सांगून त्याने फोन ठेवला. खबर नेमकी होती. वार होता, वेळ होती, आकारसुद्धा होता. अशी खबर मिळाली की पोलिसाचं डोकं एकाच रुळावरून धावू लागतं. माझंही धावलं.

शनिवारी सकाळी मी मामांना ठाण्यात बोलावलं. रोज ज्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो त्यांना समोर उभं करून जबाब घ्यायचा, हे मला आवडलं नव्हतं. म्हणून मी जरा जास्तच कडक झालो. पोत्यात काय होतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, बहिणीच्या मळ्यातला लाल भोपळा. कुठं आहे तो भोपळा? निम्मा खाल्ला, निम्मा शेजारीपाजारी वाटला. जबाब लिहून घेणारा शिपाई गालात हसला. मी हसलो नाही, पण विश्वासही ठेवला नाही.

मग मी विचारलं, गोळा कधीपासून दिसत नाही? मामांनी खाली पाहिलं, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ठावं न्हाय, साहेब."

ते खोटं होतं. इतक्या वर्षांत खोटं ओळखायची सवय झालेली असते. गढीतल्या दगडान् दगडाला जाणणारा माणूस सातापैकी एक गोळा कधी गेला ते सांगू शकत नाही, हे शक्यच नव्हतं. ते काहीतरी दडवत होते आणि माझ्या मते दडवणारा माणूस म्हणजे गुन्हेगार. मी तीन वेळा तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. तिन्ही वेळा तेच उत्तर. जाताना त्यांनी दारात वळून माझ्याकडे बघितलं, काही बोलतील असं वाटलं, पण टोपी नीट करून निघून गेले.

रविवारी सकाळी सवयीने आम्ही सगळे गढीपाशी जमलो. दाराला कुलूप. मामाही आले होते, पण लांब पिंपळाच्या पारावर बसून राहिले. कुणाचाच पाय निघेना, तशा आक्का आपल्या फोनचं गाऱ्हाणं सांगू लागल्या.

"ह्यो फोन बिघडलाय बघा साहेब," त्या म्हणाल्या. "बुधवारपासनं पावलं कमीच दाखवतोय. म्या तर रोज ओळ भरून जाते. बरं, आताशा दम बी लागत न्हाय, गुडघं बी बरं हायत."

मी फोन हातात घेतला. रोजचे आकडे तारखेवार दिसत होते. मंगळवारपर्यंत पावलं जवळजवळ सारखी. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत रोज तटाच्या बरोबर एका फेरीइतकी कमी. फोन ठणठणीत होता. ओळच सहावर भरत होती. शेवटचा गोळा गेल्यामुळे मधे रिकामी जागा दिसत नव्हती, आणि आक्का तीन दिवस एक फेरी कमी मारून आपली तब्येत सुधारली म्हणून खूश होत्या. मीही ते तीन दिवस त्या ओळीवरून गेलो होतो. डोळे उघडे ठेवून बघायचा पगार घेणाऱ्या मला सहा आणि सात यांतला फरक दिसला नाही, याची मला खरोखर लाज वाटली.

मंगळवारी सकाळी सात गोळे होते, बुधवारी सकाळी सहा. म्हणजे रविवारचं पोतं आणि त्यातला भोपळा दोन्ही निर्दोष. आणि त्या मधल्या सगळ्या वेळात चावी माझ्या ठाण्यात, माझ्या खिळ्यावर.

मी तसाच ठाण्यात गेलो. मंगळवारी दिवसपाळीला जे हवालदार ठाणे अंमलदार होते तेच बसले होते. मी त्यांच्या मागच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिलो. कसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. त्यांचा चेहरा उतरला. मंगळवारी दुपारी त्यांच्या सासुरवाडीचे दोन जण आले होते, गढी बघायची म्हणाले, त्यांनी चावी दिली, तासाभराने ती परत आली. स्टेशन डायरीत नोंद केली नव्हती. शुक्रवारी अर्ज आल्यापासून त्यांना झोप नव्हती, पण आता सांगितलं तर आपलीच नोकरी जाईल म्हणून ते गप्प राहिले होते.

त्यांची सासुरवाडी सहा किलोमीटरवर, थेट सरहद्दीला लागून. त्या पट्ट्यात निम्मं घर मराठी बोलतं आणि निम्मं कानडी. कारहुणवीच्या सणाला, बैलांना रंगवून मिरवल्यावर, मारुतीपुढे गोल दगड उचलून खांद्यावरून मागे टाकायची तिथं पद्धत आहे. त्या दगडाला ते गुंडू म्हणतात. सण आठ दिवसांवर होता. दोन शिपाई लागणारा गोळा एकटा कोण उचलेल, हा प्रश्न मला पंचनाम्याच्या दिवशीच पडायला हवा होता.

रविवार होताच. आम्ही चालतच निघालो. मी, आक्का, बाकीची मंडळी, आणि गोळा ओळखायला म्हणून मामा. हवालदार तोंड पाडून मागे.

गोळा मारुतीच्या देवळापुढे उघड्यावरच होता, तेल पाजून काळा कुळकुळीत केलेला. मामांनी धोतराच्या सोग्याने एका बाजूचं तेल पुसलं, तिथली खपली उडालेली खूण बोटाने चाचपली आणि मान डोलावली. तेवढ्यात त्या दोघांपैकी एक, गोळा नेणारा शेतकरी आला. चाळिशीचा, बैलासारख्या खांद्यांचा. पळायचा विचारही त्याच्या मनात आला नाही.

"आमचा गुंडू सरावात फुटला, साहेब," तो म्हणाला. "आज्ज्याच्या वेळचा व्हता. कारहुणवीला गुंडू न्हाय म्हणजे गावाची अब्रूच की. तिथं सात पडून हायत, सण झाला की परत ठिवू म्हणलं. चोरायचा असता तर देवापुढं ठिवला असता का?"

मी म्हणालो, तुझ्या या उसनवारीपायी उद्या या माणसाची सोळा वर्षांची नोकरी जाणार होती. त्याने मामांकडे पाहिलं. मग मामांच्या पायांना हात लावला आणि स्वतःची बैलगाडी जुंपली. मी त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना फोन करून कुलूप काढायला बोलावलं. गढीच्या पायऱ्यांशी त्याने गोळा खांद्यावर घेतला आणि एकट्याने वर नेऊन ओळीच्या टोकाला ठेवला. आक्कांनी लगेच त्यावर एक चिंचोका ठेवला.

सगळे पांगल्यावर मी मामांना विचारलं, गोळा मंगळवारी गेला हे तुम्हाला ठाऊक होतं ना? ते म्हणाले, बुधवारी झाडताना कळलं. मग जबाबात का सांगितलं नाहीत?

"मंगळवारी चावी कुणाकडं असती, हे तुमास्नी ठावं हाय की साहेब," ते म्हणाले. "इचारणारे तुम्हीच. म्हणलं, साहेबच सांगतील."

कुणी कानाखाली वाजवल्यासारखा मी उभा राहिलो. मी त्यांच्या डोळ्यांत चोरी शोधत होतो आणि ते माझ्या तोंडून खरं निघायची वाट बघत होते. त्यांनी दडवलं होतं ते माझंच नाव.

त्या दिवशी मी अहवाल स्वतः लिहिला. गोळा परत मिळाला, नेण्यामागे चोरीचा हेतू दिसत नाही, राखणदाराचा संबंध नाही, हे तर लिहिलंच. पुढे लिहिलं की दर मंगळवारी गढीची चावी पोलीस ठाण्यात असे, खाली सही करणारा अधिकारी ती स्वतः वापरत असे, आणि वेळेआधी दार उघडण्याचा लाभ त्यानेही घेतला आहे. याच वाक्याशी हात अडखळला. सही मात्र केली. वरिष्ठांनी खुलासा मागवला, लेखी समज दिली. हवालदारांनाही मिळाली. ती समज माझ्या कागदपत्रांत आजही आहे आणि बक्षिसांच्या कागदांपेक्षा मला ती जास्त जवळची वाटते. त्यानंतर कुठल्याही तपासाला बसलो की त्या वेळी मी आणि माझं ठाणं कुठं होतो, हे मी आधी तपासायचो. दोनदा त्याचा उपयोगही झाला.

काही महिन्यांनी मामा कायम झाले. आम्ही चालणाऱ्यांनी सह्यांचा रीतसर अर्ज दिला, तेव्हा दाराची अधिकृत वेळच सहा झाली. त्या गावाला नवा गुंडू आम्ही वर्गणी काढून पाथरवटाकडून घडवून दिला.

आता मी निवृत्त आहे, मामाही. साखर आटोक्यात आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी मी मुद्दाम त्या गढीवर जातो. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी दार उघडणारे मामा आता आमच्याबरोबर चालतात आणि आक्का त्यांना स्वतःच्या बटव्यातले चिंचोके देतात. पहिल्या फेरीत पश्चिम बुरुजापाशी आलो की मी थांबून गोळे मोजतो. सात भरतात. मामा तेवढा वेळ थांबतात आणि माझं मोजून झालं की आम्ही पुढे चालू लागतो.