कोळशावरची मोटार

गाडी सुरू व्हायला लागणारा वेळ मला सोसवत नसे. पेट्रोलवर होती तेव्हा हँडल मारलं, एकदोनदा खोकली की निघालीच. आता सकाळी उठून आधी गाडीच्या पाठीला लावलेल्या भट्टीतली राख खरवडायची, कोळसा भरायचा, तेलाचा बोळा पेटवून आत सारायचा आणि हाताचा पंखा फिरवत बसायचं. मग नळीच्या तोंडाशी काडी धरून बघायची. ज्योत निळी होऊन टिकली तर इंजिनाला लागणारा गॅस तयार झाला. विझली तर पुन्हा पंखा. तोवर बाबा काळा कोट चढवून अंगणात येरझाऱ्या घालत असत. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून मी गॅस तयार व्हायच्या आतच काडी ओढायला लागे.

लढाई चालू होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बाबा अमरावतीला वकिली करत, पण त्यांची निम्मी कामं अकोल्याच्या कोर्टात असत. पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं आणि महिन्याचं पेट्रोल अकोल्याच्या दोन फेऱ्यांतच संपू लागलं. आमचा ड्रायव्हर फौजेत भरती होऊन निघून गेला होता. माझं बी. ए. झालं होतं, पुढं नागपूरला लॉ करायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, वर्षभर थांब, गाडी चालव. माझे दोन वर्गमित्र तुरुंगात होते, एक बंगालकडं कुठल्याशा कचेरीत लागला होता, आणि मी अमरावती ते अकोला आणि अकोला ते अमरावती करत होतो. रस्ता तोच, बाभळी त्याच. गाडीत बसलो की उतरावंसं वाटे आणि उतरलो की कुठंतरी निघून जावंसं वाटे.

गाडीला कोळशाची भट्टी लावण्याच्या मुळाशी आई होती. लढाईच्या आधी एकदा ती बाबांच्या कोटावरचा डाग काढत होती. वाटीत थोडं पेट्रोल घेतलं होतं. शेजारच्या खोलीत स्टोव्ह पेटलेला होता, चांगला पाचसहा हात लांब. वाटी तिच्या हातातच भडकली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. कातडी नंतर आली, पण आक्रसलेली, चकाकणारी. त्या दिवसापासून पेट्रोलचा वास आला की ती उठून परसात जाऊन उभी राही. आणि कुपनं सुरू झाल्यावर बाबांनी जमेल तेवढं पेट्रोल डब्यांत भरून ओसरीजवळच्या कोठीत ठेवायला सुरुवात केली. तिची झोप उडाली. त्या कोठीवरून जाताना ती पदर हातात गच्च धरी. कोळशावर मोटारी चालतात असं ऐकल्यावर तिनं बाबांच्या मागं टुमणं लावलं. कोळसा चुलीत असतो, शेगडीत असतो, तो तिच्या ओळखीचा होता.

बाबांना ते पसंत नव्हतं. भट्टी लावली की गाडीचा जोर कमी होतो, चढावर ती मुंगीसारखी चालते, राखेनं इंजिन खराब होतं, असं त्यांनी चौकशी करून आणलं होतं. त्याच सुमारास मामा आमच्याकडं मुक्कामाला आले. ते इंग्लंडमध्ये शिकून आलेले होते आणि कुठल्याही गोष्टीत तिथलं उदाहरण देत. जेवणं झाल्यावर ओसरीवर हा विषय निघाला तो संध्याकाळपर्यंत संपला नाही. मामा म्हणाले, तिकडं दुधाच्या गाड्या विजेवर चालतात. आवाज नाही, धूर नाही, भडका नाही. दूधवाला येऊन गेला तरी घरातल्यांना कळत नाही. बाबांनी विचारलं की वीज संपली तर काय करतात. मामा म्हणाले, रोज रात्री परत जाऊन भरतात. म्हणजे वाटेत मूर्तिजापूरला संपली तर ती तिथं कोण भरून देणार, असं बाबांनी विचारलं. तिथं तेव्हा साधा दिवाही विजेवर लागत नव्हता.

पण मामांनी हार मानली नाही. पेट्रोल परदेशातून येतं, आज लढाईनं अडवलं, उद्या दुसरं काही अडवेल, त्यावर किती वर्षं भरवसा ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, आणि कोळसा? मेळघाटातलं लाकूड असं जाळायला लागलो तर डोंगर किती वर्षं पुरतील? तिन्ही प्रकारांत काही ना काही खोट होती. मी कठड्याला टेकून ऐकत होतो. मला वाटत होतं, काहीही ठरवा, पण ठरवा. शेवटी आई आतून आली आणि म्हणाली की ते डबे ज्या दिवशी घरातून जातील त्या दिवशी तिला झोप लागेल. भट्टी बसली.

बसवणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं होतं की बंद खोलीत ती पेटवायची नाही आणि उभ्या गाडीत, भट्टी चालू असताना, बसून राहायचं नाही. ते आम्ही कसोशीनं पाळलं. भट्टी गाडीच्या पाठीला होती, मागच्या सीटच्या थेट मागं, आणि तिथून एक नळी गाडीखालून पुढं इंजिनाकडं जाई. चालत्या गाडीत काही होईल असं ना त्याच्या मनात आलं, ना आमच्या.

थंडीचे दिवस होते. बाबांना पडसं झालं होतं. त्यांनी मागच्या दोन्ही काचा वर चढवल्या, शाल गुंडाळली आणि नेहमीप्रमाणं बदनेरा मागं पडताच युक्तिवाद सुरू केला. हा त्यांचा रिवाज होता. कोर्टात जे बोलायचं ते ते वाटेत मोठ्यानं बोलून घेत, आणि मी मध्ये मध्ये न्यायाधीशासारखं हुं म्हणायचं. त्या दिवशी दोन भावांच्या सामाईक विहिरीचा दावा होता. माझं लक्ष नव्हतं. डोकं जरा जड झालं होतं आणि मी माझ्या बाजूच्या उघड्या काचेतून हात बाहेर काढून वारा घेत होतो. "तर मग प्रश्न एवढाच उरतो," बाबा म्हणाले, आणि थांबले.

मला वाटलं, विचार करत असतील. ते असे थांबत. मी हुं म्हटलं. पुढं काही आलं नाही. एक बैलगाडी मागं टाकली, एक नाला गेला. मी विचारलं, कोणता प्रश्न? उत्तर नाही. मान वळवून बघितलं तर ते काचेला टेकून झोपलेले. चेहरा लालसर, टवटवीत दिसत होता, पडसं झालेल्या माणसासारखा मुळीच नाही. मी पुढं बघून गाडी चालवू लागलो. पण मला चैन पडेना. बाबा गाडीत कधी झोपत नसत. रेल्वेत नाही, टांग्यात नाही. मी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मग गाडी थांबवली.

मागचं दार उघडलं तसे ते माझ्या अंगावर कलंडले. अंग ओल्या पोत्यासारखं जड. मी काखेत हात घालून ओढत होतो आणि ते निघत नव्हते, शाल कुठंतरी अडकली होती. एवढ्यात बाजूच्या शेतवाटेनं एक बैलगाडी रस्त्यावर आली. मेथी आणि वांगी घेऊन मूर्तिजापूरच्या बाजाराला निघालेलं माळी नवराबायकोचं जोडपं होतं. नवऱ्यानं उडी टाकली, दुसऱ्या दारानं आत शिरून शाल सोडवली, आणि आम्ही दोघांनी बाबांना रस्त्याच्या कडेला आणलं. बाईनं भाजीवर शिंपडायला आणलेलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं आणि पदरानं वारा घालू लागली. तो माणूस डोकं धरून उभा होता.

"भाऊ, काय भरलं गाडीत?" तो म्हणाला. "मी उलसाक आत गेलो तं डोकं भणभणून राहिलं."

तेव्हा मला कळलं. भट्टी मी हाताला येईल तशी बंद केली, सगळ्या काचा खाली केल्या, दारं सताड उघडली. बाबांच्या छातीवर कान ठेवला. धडधड चालू होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी रस्त्यावर इकडून तिकडं चालत होतो, परत येऊन वाकत होतो, पुन्हा चालत होतो. त्या बाईनं मला दोनदा बसायला सांगितलं. मला बसता येत नव्हतं. मग बाबांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. कोर्टात ते शुद्ध मराठी बोलत, घरात वऱ्हाडी. त्या वेळी ते घरातलं बोलले.

"गाडी काहून थांबवली?"

अडीअडचणीला म्हणून टाकीत थोडं पेट्रोल ठेवलेलं असे. त्याच्यावर मूर्तिजापूर गाठलं, बाबांना पुढं माझ्या शेजारी बसवून. डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर मोकळ्या हवेत पडून राहायला सांगितलं, आणि मला बाहेर नेऊन म्हणाले की कोळशाच्या या गॅसला रंग नाही, वास नाही, माणसाला झोपेसारखं वाटतं, आणि आणखी काही मैल गेला असतात तर जागं करता आलं नसतं. मोटार तिथंच ठेवून आम्ही संध्याकाळच्या रेल्वेनं बदनेऱ्याला परतलो. पुढं मिस्त्रीनं बघितलं तेव्हा रस्त्याच्या हादऱ्यांनी भट्टीजवळचा सांधा सैल झालेला सापडला आणि सीटच्या खाली पत्र्याला एक फट. एवढंच होतं ते.

घरी आईनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. बाबांच्या उशाशी बसली, भाजलेला हात मांडीवर, आणि म्हणाली, "माह्यामुळं झालं हे. मीच लावली भट्टी."

"तुह्यामुळं काहीच नाही झालं," बाबा म्हणाले. "तू पेट्रोलले भेली. ते भ्यासारखंच हाय. मीही भेलो असतो, हात माहा जळला असता तं."

मी दाराशी होतो. त्यांनी एकमेकांशी इतकं सरळ बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मामांनी नागपूरहून येऊन भट्टी काढून फेका म्हणून सांगितलं. पण कुपनं वाढली नव्हती आणि तारखा थांबत नव्हत्या. रेल्वेनं जायचं तर लढाईच्या गर्दीत डब्यात पाय ठेवायला जागा नसे आणि गाड्यांचा भरवसा नसे. मिस्त्रीनं सांधा नव्यानं बांधला, फट बुजवली, पत्र्यावर दुसरा पत्रा मारला. बाबा म्हणाले, काचा उघड्या ठेवून जाऊ. मी म्हणालो की मी चालवणार नाही. मला रात्री ती लाल, टवटवीत मुद्रा दिसत होती. दोघंही अडून बसलो. तेव्हा आई म्हणाली, "एकट्यानं मागं बसायचं नाही. मी बशीन संगं. बोलत जाऊ."

आणि ती खरोखरच बसली. ज्या गाडीत पेट्रोलच्या वासामुळं तिनं कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता, तिच्यात ती दर तारखेला उघड्या खिडकीला हात लावून बसू लागली. बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हा पहिल्या दिवशी दोघांनाही प्रश्न पडला. बाबांनी मग तिला दावा सांगायला सुरुवात केली. मूर्तिजापूरकडच्या एका विधवेचं काम होतं. दिरानं संत्र्याचा बगीचा आपल्या नावावर केला होता. आई मध्ये मध्ये विचारी. ती झाडं लावली कोणी? पाणी कोण देत होतं? बाबा म्हणत, ते कायद्यात येत नाही. ती म्हणे, मग कायद्यात काय येतं ते सांगा. मी पुढं गाडी हाकत सगळं ऐकत होतो. माझ्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. मागं क्षणभर शांत झालं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जाई. एकदा मी असा कचकन थांबलो तेव्हा दोघंही एकाच बाजूच्या खिडकीतून फुललेला पळस बघत होते. आई म्हणाली, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

लढाई संपली. पेट्रोल हळूहळू सुटं व्हायला लागलं आणि बाबांनी भट्टी काढायला गाडी मिस्त्रीकडं पाठवली. त्यानं इंजिन उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. राखेच्या बारीक कणांनी सिलिंडर आतून खाऊन टाकले होते. आता ती पेट्रोलवरही फार दिवस चालणार नव्हती. बाबांनी ऐकून घेतलं, नवीन गाडीचा विषय काढला नाही, आणि होती तशी ती मिस्त्रीलाच देऊन टाकली. मी त्याच सालात नागपूरला गेलो.

बगीच्याचा दावा मात्र चालूच होता. पहिल्या सुट्टीत घरी आलो तर आई घरात नव्हती. शेजारच्या काकूंनी सांगितलं की निकालाची तारीख होती, आणि दोघं सकाळीच टांग्यानं बदनेऱ्याला गेली, अकोल्याची रेल्वे धरायला. बाबांनी नको म्हटलं होतं. कोर्टात बायका बसत नाहीत, गर्दी असते, असं काहीबाही सांगून पाहिलं होतं. तिनं ऐकलं नाही. मी संध्याकाळी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा होती. फलाटावर फेऱ्या मारून मारून माझे पाय दुखून आले. शेवटी गाडी लागली, आणि आई आधी उतरली, मागून बाबा, दोघंही बोलत.

"अर्धा बगीचा भेटला तिले," आई मला म्हणाली. "अर्धा काहून, ते तुह्या बाबाले विचार."