पहिले आवतण कोणाला

विद्यापीठाच्या कचेरीत कारकून झालो तेव्हा मी खादी सोडली नाही, आणि खादीसाठी नोकरीही सोडली नाही. दोन्ही एकाच अंगावर कशी राहतात हे मला तेव्हा कळत नव्हते. आजही नीटसे कळत नाही. हेडक्लार्क मला "देशभक्त" अशी हाक मारीत आणि फायलींचा गठ्ठा पुढे सरकवीत.

विद्यापीठाने गावोगावी लोकांसाठी व्याख्याने सुरू केली होती. श्रीवर्धनच्या व्याख्यानाची व्यवस्था माझ्याकडे आली, कारण मी तिथलाच. विषय हिवताप. त्या वर्षी सुपारीच्या बागांत काय आणि कोळीवाड्यात काय, प्रत्येक घरात कोणीतरी कुडकुडत पडलेले. माणसे जमली नाहीत तर हे केंद्र बंद होईल, असे निघतानाच मला बजावले होते.

मी पत्रके वाचून मोठा झालेला. पत्रकेच छापून घेतली, "सर्वांस मुक्तद्वार", आणि देवळापाशी, मशिदीपाशी, मासळीबाजारात चिकटवली. मशिदीशेजारच्या दुकानातले चाचा वाचून म्हणाले, "बेटा, हे सर्वांना झालं. मला कुठे आहे?"

"सर्वांत तुम्ही आलातच की, चाचा."

"दारात येऊन सांगितल्याशिवाय कोण जातो? आम्ही काय फुकटचे पाहुणे?"

दारोदार जायला पाय तयार होते, मन नव्हते. आमच्याकडे आवतणाला क्रम असतो. आधी बागाइतदारांची वरची आळी, मग बाजार, शेवटी कोळीवाडा. तोच क्रम पाळायचा तर मी इतकी पत्रके वाचली कशाला? व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी क्रम उलटा केला.

कोळीवाड्यात एक मावशी बोंबील वाळत घालीत होती. तिने विचारले, "वरच्या आळीत सांगून आलास?"

"नाही. पहिले तुम्हालाच."

तिचे हात थांबले. "आमालाच पयलं? का रं?"

"देवी टोचाया आलं असतील," शेजारीण म्हणाली. "न्हायतर पयलं आवतण हितं कशाला येतंय?"

"टोचणार नाहीत. मुंबईचे प्रोफेसर आहेत, नुसते बोलणार आहेत."

"व्हय, नुसतं बोलाया मुंबयहून बोटीनं येनार."

बाजारात चाचांच्या दारात सांगून मी वर निघालो, तोवर वरच्या आळीत बातमी माझ्या आधी पोचली होती. "कोळीवाडा झाला ना सांगून?" पहिल्याच ओसरीवरून विचारणा झाली. "मग आमच्यावाचून काय अडलंय?" मला पाणीही विचारले नाही.

संध्याकाळी शाळेत चाचा, त्यांचे दोन मुलगे आणि हेडमास्तर. बाकी सतरंज्या रिकाम्या. कोळीवाडा मात्र आला होता, पण कुंपणाबाहेर, पोरांना पाठीमागे घालून. प्रोफेसरांनी खिशातून रुमाल काढला तशी सगळी रांग मागे सरकली. त्यांनी रुमालाने घाम पुसला, खिडकीशी जाऊन आवाज चढवला आणि उरलेले व्याख्यान कुंपणाकडे तोंड करून दिले.

सकाळी त्यांना बोटीवर पोचवणाऱ्या पडावापाशी मावशी पाटी टेकवून उभी होती. "टोचलं न्हाय खरंच," ती मला म्हणाली. "त्या साचलेल्या पान्याचं अर्धंच आयकू आलं. परत येनार हाय का त्यो?"

प्रोफेसरांनी ऐकले. कुंपणापलीकडचे लोक त्यांनी अहवालात श्रोत्यांत धरले, आणि केंद्र आणखी एक वर्ष राहिले. "देशभक्त, पुढच्या खेपेलाही तुम्हीच," हेडक्लार्क म्हणाले.

मी मान डोलावली. कोळीवाड्यातून सुरुवात करावी तर ते पुन्हा कुंपणाबाहेर उभे राहणार. वरच्या आळीतून करावी तर कोळीवाडाही आत येऊन बसेल, पण मग मी कुठे उभे राहायचे? वर्षभर मी हाच विचार करीत होतो, आणि तारीख ठरली तेव्हाही पहिले दार कुठले ते ठरले नव्हते.