डब्यातले गणपती

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जवळा बाजारला आमच्या भाड्याच्या खोलीत मी दर रविवारी संडे स्कूल घ्यायचे. बारावी झालेली आणि स्वभावानं भित्री. पंधरा मुलांतली चार ख्रिस्ती, बाकीची जवळच्या तांड्यावरची आणि धनगरांची. ती गोष्ट ऐकायला यायची, आणि गोष्टीनंतरच्या कात्री-खळीसाठी त्याहून जास्त.

आमचं सामान म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. जाड कागद, तोही फुकट. लग्नसराई संपली की मुलं घरोघरच्या पत्रिका गोळा करून आणायची आणि आम्ही मैद्याच्या खळीनं चिकटवून बायबलातल्या गोष्टीतलं, सगळ्या प्राण्यांना पुरातून वाचवणारं नोहाचं तारू करायचो. तारवात सिंह एखादाच, बैल आणि मेंढरं मात्र दाटीवाटीनं.

पण हिंदूंच्या घरची पत्रिका म्हटली की वर गणपती आलाच. तो मी आधी कापून घ्यायचे, सोंडेला कात्री लागू नये म्हणून श्वास रोखून. मग तो हातात धरून बसायचे. टाकायचा कुठं? केरात टाकला आणि कुणी पाहिलं तर गावभर बोंब, वर्ग बंद. चुलीत घालायला हात धजत नव्हता. ठेवला आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पाहिला, तरी वर्ग बंदच. शेवटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले. डबा कपाटात, बायबलांच्या मागं. दोन उन्हाळ्यांत तो गच्च भरला.

एकदा धनगराच्या पोरीनं विचारलंच, "बाई, देवाला डब्यात कोंडून काहून ठेवलं?"

"गप. कागद काप," मी म्हणाले.

त्याच दिवशी मुलं गेल्यावर कपाट उघडलं, तर डबा गायब.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. दाराशी चप्पल वाजली तरी हातातलं काम टाकून बघायला उठायचे. आई म्हणाली, "तूच त्या पोरीच्या घरी जाऊन विचार की." पण विचारायचं काय? तुमचे देव मी कापून डब्यात भरले होते, ते सापडले का, असं? मी गेले नाही. त्यात पुढचा रविवार पाळकसाहेबांचा. हिंगोलीहून ते महिन्यातून एकदा यायचे.

त्या रविवारी ते खुर्चीवर बसून मुलांची तारवं बघत होते. ती पोरगी आली नव्हती. प्रार्थना संपते न संपते तोच दारात तिचा आजा उभा. डोक्याला पटका, काखेत माझा डबा. संपलं सगळं, एवढंच डोक्यात आलं.

"बाई, हे तुमचंच न्हवं?"

मी मान हलवली. खोटं बोलायचंही सुचलं नाही.

"पोरीनं न इचारता आणला. लई बोललो तिला, म्हून ती येऊन न्हाई राहिली." त्यानं झाकण उघडून रिकामा डबा पुढं केला. "तुमी येक बी फाडला न्हाई, फेकला न्हाई. बराबर जपले. आमी वढ्याला नेऊन सोडले. डबा ठेवा, पुना भरंल."

मला रडूच फुटलं. मुलांसमोर, पाळकसाहेबांसमोर, अगदी नाक ओढत. पाळकसाहेब डब्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता ह्यांची पाळी.

मग ते खाली बघत म्हणाले, "मलाही सगळे पत्रिका देतात. वरचा गणपती टाकवत नाही. घरी माझाही एक डबा आहे."

"तुमचा बी आणा मंग सायेब," आजा म्हणाला. "वढ्याला पाणी हाय तवर."

पुढच्या रविवारी ती पोरगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. आणि महिना व्हायच्या आतच, हिंगोलीच्या गाडीतून पाळकसाहेब उतरले. हातात चहापत्तीचा डबा होता, सुतळीनं घट्ट बांधलेला.