अण्णांचं स्टिकर

माझा बाप व्हॉट्सॲपचं स्टिकर झाला तेव्हा मी सातवीत होते.

डोळे मिटलेले. तोंड उघडं. बनियन काखेत फाटलेली. खाली पिवळ्या अक्षरांत, गुड मॉर्निंग क्लास. वर्गातल्या एका मुलानं ऑनलाइन तासाला माझ्या चौकोनाचा फोटो काढला, मला कापून टाकलं आणि मागे झोपलेल्या अण्णांना ठेवलं. मग कुणाला कंटाळा आला की तो वर्गाच्या ग्रुपवर अण्णांना टाकायचा. गणित अवघड गेलं, टाक अण्णांना. नेट गेलं, टाक अण्णांना.

करोनाचं वर्ष. शाळा इंग्रजी माध्यमाची, मोठ्या घरच्या पोरांची. मी तिथे आरटीईतून, म्हणजे गरिबांसाठी राखलेल्या जागेवर. पिंपळे गुरवला आमची एकच खोली. अण्णा चाकणच्या कंपनीत नाइटला. सकाळी कंपनीची बस सोडायची, ते चहा घ्यायचे आणि आडवे व्हायचे. फोन घरात एकच, त्यांचा. दिवसा तो माझी शाळा असायचा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर चाकणला जायचा.

मॅडमचा नियम होता, कॅमेरा ऑन. बंद दिसला की अब्सेंट. बाकीच्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट, पडदे, एसी. माझ्या मागे गॅसची टाकी आणि अण्णा. फोन कुठेही टेकवला तरी ते दिसायचेच.

ग्रुपवर नंबर पालकांचे. माझ्या नावापुढे अण्णांचा. अण्णांची एक सवय होती. गुड मॉर्निंग आलं की हात जोडलेलं चित्र पाठवायचं. गावच्या पाहुण्यांना, सुपरवायझरला, घरमालकाला, सगळ्यांना. ते स्टिकर पहिल्यांदा आलं त्या संध्याकाळी बसमध्ये, चष्मा नसताना त्यांनी ते पाहिलं. कुणी महाराज असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले.

ग्रुप हसून लोळला. मॅडमनीही एक हसरा चेहरा टाकला. खाली लिहिलं, ओन्ली स्टडी प्लीज.

सकाळी फोन हातात आल्यावर मी हे सगळं वाचलं. रडू आलं नाही. रागही नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी लागत नाही, तसं झालं. मी तासाला बसले.

मॅडम म्हणाल्या, “बेटा, तुझं बॅकग्राउंड डिस्टर्ब करतंय. पप्पांना बाहेर झोपायला सांग ना.”

इअरफोन नव्हता. अण्णांना सगळं ऐकू गेलं. ते उठले, उशी उचलली. “चालू दे तुझं,” म्हणाले आणि जिन्यात जाऊन झोपले.

दार उघडंच होतं. घरमालकीण वर चढत होती. “काय वं, घरात जागा न्हाई व्हय?” तिनं विचारलं. अण्णा उठून बसले, पाय पोटाशी घेतले, तिला वाट करून दिली आणि हसले.

स्टिकर बघून जे लागलं नव्हतं ते तेव्हा लागलं. त्यांच्या त्या हसण्यानं.

दुसऱ्या दिवशी अण्णा शिफ्टवरून आले. चहा झाला. न सांगताच उशी घेऊन जिन्याकडे निघाले. मी उशी धरली.

“अण्णा, आत झोपा.”

“तुझी शाळा हाय की.”

“असू दे.”

ते झोपले. तास सुरू झाला. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं. मी म्हटलं, “मॅडम, ते नाइट करून आलेत. ते इथेच झोपणार.”

“मग कॅमेरा बंद कर. मी अब्सेंट लावते.”

“कॅमेरा पण चालूच राहील.”

मॅडम म्हणाल्या, “हे बघ, आरटीईमधून ॲडमिशन मिळालीय तुला. थोडं ॲडजस्ट करायला शिक.”

शिळी भाकरी वाढावी तसं त्या बोलल्या. मी माइक बंद केला. अण्णा जागेच होते. घाबरले होते.

“बाई, मॅडमना सॉरी म्हण. फुकट शिकायलीस तू. सीट गेली तर काय करावं?”

सीट जाईल असं मलाही वाटत होतं. आमच्या घरात माझ्या शाळेएवढं मोठं दुसरं काहीच नव्हतं. पण सॉरी तोंडातून निघेना. मी ग्रुप उघडला, त्यांच्या हातात चष्मा दिला आणि फोन पुढे धरला.

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ ओढला.

“मीच हाय की हे.”

मग खालचं जोडलेल्या हातांचं चित्र पाहिलं.

“आन् ह्याला मी हात जोडले?”

मी फोन परत जागेवर टेकवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. उशी सरळ केली आणि होते तिथेच, कॅमेऱ्यासमोर आडवे झाले.

“म्हणू नको सॉरी,” ते म्हणाले.

त्या दिवशी मला अब्सेंट लागली. पुढेही बऱ्याचदा लागली. माफी कुणी मागितली नाही. सीट गेली नाही. ती शाळेनं दिलेली नव्हतीच, कायद्यानं दिली होती. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि अण्णांना तर कुणीच कधी सांगितलं नाही. त्यांना फक्त फुकट हा शब्द शिकवला होता.

आता मी बारावीत आहे. ते स्टिकर अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे म्हणे. असेल. पाठवणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत, मॅडमच्या नावासकट. मी ती विसरणार नाही आणि कुणी माफ कर म्हटलं तर करणारही नाही. यापुढे जिथे बसायचा माझा हक्क आहे तिथे मी बसेन. त्यासाठी माझा बाप अंथरुणातून उठणार नाही.