यादीत नसलेला पत्ता

भूतप्रेत, चमत्कार, साक्षात्कार... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. ख्रिस्ती असूनही नव्हता, असं आमचे पाळकसाहेब हसत म्हणतात. विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासण्यात माझी उभी हयात गेली. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग कागद मागायचा, ही सवय. तेव्हा जे घडलं ते तिखटमीठ न लावता सांगतो.

लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, त्याला चार वर्षं झाली. आई आणि मी वरळीला एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. दोन वर्षांत परत याल, असं सांगितलं होतं. खड्डा खणून झाला, त्यात पाणी साठलं आणि काम थांबलं. आई दर रविवारी आधी खड्डा बघायची, मग चर्चला जायची. पुढे खड्डा बघणं थांबलं आणि मागोमाग चर्चही.

नाताळच्या आधी आमच्या चर्चची कॅरल पार्टी घरोघर येते. दारात दोन गाणी, मग आत येऊन प्रार्थना — तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं — आणि शेवटी फराळ. चाळीत असताना आई त्यांच्यासाठी पन्नासेक करंज्या करून ठेवायची. नवा पत्ता मात्र तिने चर्चला कळवू दिला नाही. इथे कुणाला बसवू, हे काय आपलं घर आहे का, म्हणाली. त्यामुळे यादीत आमची लालबागची खोलीच राहिली.

गेल्या डिसेंबरात ती म्हणाली, "मला नगरला धाकट्याकडे सोड. आता वाट बघायचा कंटाळा आलाय रे."

आवाज शांत होता, म्हणूनच मी घाबरलो. बाबा गेले तेव्हाही ती असं बोलली नव्हती. सत्तावीस तारखेचं तिकीट काढलं. करंज्या अर्थातच केल्या नाहीत.

तेवीस तारीख, संध्याकाळचे सात. बेल वाजली नाही, दाराबाहेर थेट गाणंच सुरू झालं. उघडून बघतो तर सहा जण, एकाच्या गळ्यात ढोलकी. चेहरे ओळखीचे नव्हते, पण चर्चच्या तरुण संघात दरवर्षी नवी मंडळी असतातच. पत्ता कुणाकडून तरी काढला असेल, असं वाटलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चौदा मजले चढून कुणालाच धाप लागली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आईने ओशाळून डब्यातली खारी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाने प्रार्थना केली. बाबांचं नाव घेतलं, आईचं, माझं. मग म्हणाला, "आणि सुमन."

आमच्यात सुमन कुणी नाही. बिचाऱ्याने दुसऱ्या कुठल्या घरातलं नाव घेतलं, असं मी मिटल्या डोळ्यांनीच ठरवून टाकलं. डोळे उघडले तेव्हा आई रडत होती.

ते गेल्यावर तिने सांगितलं. माझ्याआधी तिला मुलगी झाली होती, चार दिवसांची होऊन गेली. बाप्तिस्मा झाला नाही, चर्चच्या वहीत नोंद नाही. सुमन हे नाव आईने मनातच ठेवलं होतं, बाबांनाही सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला... एवढी वर्षं ती एकटीच हे घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला मी पाळकसाहेबांना फोन केला. ते गोंधळले. "अहो, तुमचा पत्ता आमच्याकडे आहे कुठे? काल संध्याकाळी आमची सगळी पार्टी माझगावला होती."

माझगावच्या दोन घरी मी स्वतः चौकशी केली. खरं होतं. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्या वेळेची एंट्री नाही. दुसऱ्या चर्चची मंडळी चुकून आली म्हणावं, तर त्यांना सुमन कुठून ठाऊक? भास म्हणावा, तर शेजारच्या कांबळे काकूंनी सकाळीच विचारलं होतं, काल तुमच्याकडे कोण गात होतं, छान होतं हो गाणं. माझ्या टेबलावर असा क्लेम आला असता तर मी काय शेरा मारला असता, मला खरंच माहीत नाही.

आईने तिकीट रद्द करायला लावलं. लालबागचा खड्डा आहे तसाच आहे. ती पुन्हा रविवारी निघते, आधी खड्डा बघते, मग चर्चला जाते.

या वर्षी मी म्हटलं, आतातरी चर्चला नवा पत्ता देऊ या. आई करंजीला मुरड घालत होती.

"दे की," ती म्हणाली. "त्यांना लागतो पत्ता."

ओट्यावर करंज्यांचे दोन डबे भरून ठेवलेत. एक पार्टीसाठी. दुसरा कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.