काळ्या बॉनेटवरचे ठिपके

हॉटेलच्या सुपरवायझरने मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरला आणि बाजूला झाला. मी वाकून पाहिलं. काळ्याभोर बॉनेटवर मसुराएवढे पांढरे ठिपके होते. मग त्याने हिंदीत अगदी नम्रपणे विचारलं, की मॅडम, ट्रेनिंग झालं ना ड्रायव्हरांचं?

झालं होतं. चार दिवसांपूर्वी. आणि ते मीच दिलं होतं.

मी मूळची पुण्याची. बंगलोरला पंधरा वर्षं एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये इन्स्पेक्टर होते, म्हणजे नव्या गाडीच्या रंगातले दोष शोधायचे आणि लोकांची तोंडं वाकडी करायची. दोष दाखवायचा पगार मिळतो हे कळल्यावर पुण्याचं माणूस ती नोकरी सोडत नाही. शेवटी कंबरेने सोडायला लावली. आता यशवंतपूरला माझं डिटेलिंगचं वर्कशॉप आहे. डिटेलिंग म्हणजे गाडी धुणं, फक्त जास्त वेळ लावून.

हनुमंतरावांच्या आठ काळ्या गाड्या त्या हॉटेलच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणायच्या. हनुमंतरावांचं घर देवनहळ्ळीत, मराठीच, पण इतक्या पिढ्या इथे गेल्या की त्यांच्या मराठीला कन्नडची फोडणी बसली आहे. सुपरवायझर रोज कुठलीही एक गाडी तपासायचा आणि डाग दिसला की परत पाठवायचा. शेवटी हॉटेलने कळवलं, सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. आठ ड्रायव्हरांची घरं त्या कामावर चालत होती.

"अक्का, स्वल्प तुम्हीच बघा की," हनुमंतराव म्हणाले. "पोरांनी घासून घासून हात सोलले, डाग काय जाईनात."

मी गेले आणि व्याख्यान दिलं. बोअरवेलचं पाणी जड असतं, त्यात क्षार असतात. पाणी वाळलं की उडून जातं, क्षार मागे राहतो, तोच पांढरा डाग. पांढऱ्या गाडीवरही पडतो, पण दिसत नाही. काळी गाडी काहीच लपवत नाही. लोक हौसेने काळी घेतात आणि मग जन्मभर पुसत बसतात.

शेवटच्या पाण्यासाठी मी फिल्टर बसवून घेतला. जुने डाग व्हिनेगर पाण्यात घालून काढले. मग पोरांना, म्हणजे ड्रायव्हरांनाच, शिकवलं. गाडी सावलीत घ्या, बॉनेटला हाताची मागची बाजू लावून गार झालंय का बघा, मगच वरून खाली साबण लावा. शेवटी पाइपचं नोझल काढून पाण्याची सलग चादर सोडा, ती आपले थेंब आपणच ओढून नेते. मग जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून नुसता ओढायचा, घासायचा नाही, घासलं की ओघळ उमटतात. दारांच्या कडा आणि आरसे विसरायचे नाहीत, तिथे दडलेलं पाणी गाडी चालू लागली की बाहेर येतं. टायरपासून टिफिनपर्यंत सगळं पुसणारी त्यांची पिवळी फडकी मी जप्त केली.

आणि एवढं करून हे ठिपके.

मी हनुमंतरावांच्या घराशेजारच्या शेडवर परतले आणि सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. फिल्टरच्या पाण्यानंतर दुसरं पाणी गाडीवर पडतं का, असं विचारलं. सगळे नाही म्हणाले. ठिपक्यांची गाडी मंजुनाथची होती, तोही माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणाला. मला तो निगरगट्टपणा वाटला. कारखान्यात अशी माणसं फार पाहिली होती. मी हनुमंतरावांना सांगितलं, हा घाईत नळाखाली गाडी उरकतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला ड्युटी दिली नाही. मंजुनाथने किल्ली टेबलावर ठेवली आणि शेडच्या पायरीवर बसून राहिला.

त्याची गाडी मी स्वतः धुतली. टॉवेल स्वतः ओढला. दुसरा ड्रायव्हर ती घेऊन हॉटेलला गेला, आणि तासाभरात सुपरवायझरने फोटो पाठवला. ठिपके. माझ्याच न्यायाने आता मला घरी बसवायला हवं होतं.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ठिपके नीट पाहिले. धुताना राहिलेलं पाणी ओघळतं, त्याची शेपटी उमटते. यांना शेपटी नव्हती. गोल होते, फक्त बॉनेटवर आणि काचेच्या खालच्या भागात. म्हणजे पाणी वरून शिंपडलं गेलं होतं, धुऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळापाशी न थांबता फाटकापाशी उभी राहिले. आठ गाड्या एसी लावून, इंजिन चालू ठेवून रांगेत आल्या. फाटकात खुर्चीवर हनुमंतरावांच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना अज्जी म्हणतात. त्या उठल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्यात तुळशीची डहाळी. प्रत्येक बॉनेटवर तीनदा शिंपडलं. ड्रायव्हरांनी हात जोडले. खालून इंजिनची ऊब, वरून ऊन, थेंब जागेवरच वाळायला लागले.

"हे काय?" मी हनुमंतरावांना विचारलं.

"तीर्थ. देवळाच्या विहिरीचं."

"दुसरं पाणी पडतं का म्हणून मी विचारलं होतं."

ते खरोखर गोंधळले. "ते पाणी कुठे, अक्का? ते तीर्थ."

कोणीच खोटं बोललं नव्हतं. तांब्यातल्या उरलेल्या थेंबांना मी क्षार मोजायचा मीटर लावला. बोअरवेल त्यापुढे गोड म्हणावी अशी होती.

उपाय बरेच सुचले. तांब्यात फिल्टरचं पाणी भरू म्हटलं, तर हनुमंतरावांनी कानाला हात लावले. टायरवर शिंपडू म्हटलं, तर पायावर का तीर्थ घालतात? ड्रायव्हरांना पुसा म्हटलं, तर एकही तयार होईना. तीन वर्षांपूर्वी एक गाडी उलटली होती, ड्रायव्हर थोडक्यात वाचला. तेव्हापासून अज्जींनी एक दिवस चुकवला नव्हता. त्यांना थांबवायला कोण सांगणार? आठ ड्रायव्हरांना फोनवर फैलावर घेणारे हनुमंतराव जमिनीकडे बघू लागले. सोमवारला दोन दिवस उरले होते.

शेवटी मीच गेले. अज्जी अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि सरळ सगळं सांगितलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

अज्जींनी ऐकून घेतलं. "मग पुसत का नाहीत?"

"तीर्थ आहे म्हणून."

"देवाला अभिषेक झाला की मी कोरड्या फडक्यानं टिपते, मग गंध लावते. ओला ठेवला तर माझ्या पितळेच्या देवावर पण डाग पडतात. गाडी काय देवापेक्षा मोठी?" त्यांनी शेंग टाकली. "सरी, चालेल, दाखव तुझं फडकं."

दुसऱ्या दिवसापासून अज्जी शिंपडायच्या आणि ड्रायव्हर लगेच टॉवेल अंथरून ओढायचा. कोणी घासायला लागला की त्याच्या मनगटावर तुळशीची डहाळी बसायची. माझं तासाभराचं व्याख्यान त्यांनी एका डहाळीत बसवलं. सोमवारी सुपरवायझरने टॉर्च मारला, काही सापडलं नाही, म्हणून डिकी उघडून पाहिली. तिथेही काही नव्हतं. काम हनुमंतरावांकडेच राहिलं.

मंजुनाथची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मला स्वतःची लाज वाटत होती. "परवागिल्ला, अक्का," तो म्हणाला, चालायचंच अशा अर्थाने, आणि किल्ली घेऊन गेला. पुढे महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते बरोबरच होतं.

आता नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की पाण्याचं नंतर विचारते. आधी विचारते, गाडी निघताना फाटकात कोण उभं असतं?