असा कलाकार इथं मिळत नाही

कुंडलच्या आकाराम फौजींची थोरली लेक क्रांती दोरीच्या मल्लखांबावर वाढली. शाळा सुटली, दोरी काही सुटली नाही. पुढं शिरवळजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये ती आणि तिनं तयार केलेल्या चार मुली शनिवार-रविवारी दुपारी खेळ करू लागल्या. सहा वर्षं पाहुणे जेवायचं थांबवून वर बघत राहायचे.

मागल्या वर्षी मालकांनी कझाकस्तानातून दोन कलाकार आणले. एकजण पेटते पलिते उडवून झेलायचा. दुसरी आयगुल, ती छताला टांगलेल्या रेशमी कापडावर चढून कसरती करायची. दोघांना वर्षभराचा कामाचा व्हिसा होता. क्रांतीची आणि आयगुलची गट्टी लवकर जमली. भाषा कळत नव्हती, पण तळहातावरचे घट्टे दोघींचे सारखेच होते.

वर्ष संपत आलं तसं मॅनेजरनं पाची मुलींना बोलावलं आणि पुढल्या महिन्यापासून तुमचा खेळ बंद, एवढंच सांगितलं. खरं कारण कळलं ते ऑफिसात टायपिंग करणाऱ्या अपेक्षाकडून. दोघांचा व्हिसा वाढवून मिळावा म्हणून मालकांनी जो अर्ज केला होता, त्यात लिहिलं होतं की असा कलाकार इथं मिळत नाही. ज्या कामाला इथली माणसं असतात त्यासाठी बाहेरच्यांना सहसा परवानगी मिळत नाही. तेव्हा त्या वाक्याला दोरीवरच्या पाच मुली अडचणीच्या होत्या.

क्रांतीनं वडिलांना फोन केला. फौजी मोजकंच बोलले. "भांडू नगंस. लिवून दे आन पोच घे."

तिनं अर्ज लिहिला, पाची जणींनी सह्या केल्या. साताऱ्याला जाऊन परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्या पोलीस शाखेत तो दिला आणि पोच घेतली. आयगुलविरुद्ध त्यात एक अक्षर नव्हतं. आम्ही इथं आहोत, येऊन बघा, एवढीच मागणी होती.

पंधरा दिवसांनी एक महिला अधिकारी चौकशीला आल्या. मॅनेजर म्हणाला, या मुली करतात तो व्यायाम, ती बाई करते ती कला. अधिकाऱ्यांनी आयगुलचा खेळ बघितला आणि क्रांतीकडं वळून विचारलं, "तुम्हाला हे जमेल?"

"दोरीवर जमतंयच. कापडावर कधी चढले न्हाई, पन बघा की."

पकड सुटू नये म्हणून आयगुलनं स्वतःच्या डबीतली राळ क्रांतीच्या हाताला चोळली. क्रांती कापडावर चढली, पायाला वेढा मारला आणि दोन्ही हात सोडून उलटी लोंबकळली. एकदा कापड सरकलं, तिनं सावरून घेतलं. मग शेजारच्या दोरीवर आली आणि पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून, हात जोडून पद्मासनात बसली. अधिकाऱ्यांनी मोबाइलवरून भाषांतर करून आयगुलला तिचं मत विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. हे दोरीवरचं आपल्याला येत नाही, आणि कापडावरचं ही महिन्याभरात शिकेल.

महिन्यानं निर्णय आला. पलितेवाल्याला मुदतवाढ मिळाली, कारण तसा खेळ करणारं आसपास कुणी पुढं आलं नव्हतं. आयगुलची मुदत वाढली नाही. मालकांनी पाची मुलींना परत कामावर बोलावलं.

क्रांतीला आनंद झाला, पण आयगुलपुढं जायचा तिला धीर होईना. शेवटी आयगुलच तिच्या खोलीवर आली. समरकंदच्या एका सर्कशीत आयगुलचं काम ठरलं होतं. जायला तीन आठवडे होते, त्यात तिनं पाची जणींना कापडावरचं सगळं शिकवलं. बदल्यात दोरीवरचं पद्मासन शिकून गेली.

आता कोरेगावच्या एका शाळेत क्रांती आठवड्यातून तीन दिवस शिकवते. तिथं दोरी आणि कापड शेजारी टांगलेलं असतं. रिसॉर्टच्या नव्या फलकावर पाची मुलींची नावं आहेत, आणि सगळ्यात वर क्रांतीचं.